वाडा पुरा झाला तेव्हा

हातकणंगले स्टेशनवर उतरणाऱ्या परगावच्या माणसांत पूर्वी दोनच प्रकार असत. काही कुंभोजच्या बाहुबलीला निघालेले यात्रेकरू आणि बाकीचे इचलकरंजीला जाणारे व्यापारी. आमच्या गावात मुद्दाम थांबावे असे फारसे काही नव्हते. आम्हाला काही पाहायचे झाले की आम्ही उलट दिशेची गाडी पकडून वीस-बावीस किलोमीटरवरच्या कोल्हापूरला जात असू. चौथीत असताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला पहिल्यांदा नवा राजवाडा दाखवला, तोही फाटकाच्या बाहेरूनच. आत जाण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नव्हता. बोट दाखवून ते म्हणाले, "माज्या आज्याचा दगड हाय त्या वाड्यात."

"कुठला?" मी विचारले.

"त्ये कुणाला ठावं! पर हाय."

आबा पाथरवट होते. जाती, पाटे, वरवंटे, उखळ आणि देवळाच्या पायरीचा एखादा दगड, एवढ्यावर त्यांची हयात गेली. मी चित्रकलेचा शिक्षक झालो. छत्तीस वर्षे शाळेत पोरांना उभ्या-आडव्या रेषा शिकवल्या, पण आबांचे ते वाक्य मनातून गेले नाही. निवृत्तीनंतर ठरवले की या वाक्याचा छडा लावायचा. वाडा कुणी बांधला, कुणासाठी बांधला आणि त्यात आमचे काही आहे का, हे तीन प्रश्न घेऊन गेल्या दोन वर्षांत मी राजवाड्याला किती खेपा घातल्या ते मोजलेले नाही. या लेखात त्या खेपांतून हाती लागलेले मांडतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अपेक्षित होते तसे मिळाले नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटते. राजवाड्याच्या आवारात एका बापाने आपल्या मुलीला सांगितलेले मी ऐकले, "हा वाडा शाहू महाराजांनी बांधला." तिकीट काढून आत येणाऱ्या दहांपैकी आठ जण हेच सांगतील. शाहू महाराज या वाड्यात राहिले आणि त्यांच्या नावाने तो महाराष्ट्राला ठाऊक झाला, हे खरेच आहे. पण बांधकाम सुरू झाले १८७७ साली. शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. पायाचे दगड बसत होते तेव्हा कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव नावाचा तो मुलगा तीन वर्षांचा होता, आणि कोल्हापूरच्या गादीशी त्याचा अजून काही संबंध नव्हता.

वाड्याचा आराखडा काढला मेजर चार्ल्स मँट या इंग्रज अभियंत्याने. मँट लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्स दलातला अधिकारी. कोल्हापुरात त्याच्या हातच्या इमारती एकापेक्षा जास्त आहेत. सीपीआर रुग्णालयासमोरचा टाऊन हॉल त्याचाच, १८७२ ते १८७६ या काळातला. अजमेरच्या मेयो कॉलेजची मुख्य इमारत आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा यांचे आराखडेही त्याचेच. म्हणजे मराठी माणसाच्या दोन मोठ्या गाद्या, कोल्हापूरच्या छत्रपतींची आणि बडोद्याच्या गायकवाडांची, ज्या घरांत नांदल्या ती दोन्ही घरे एकाच माणसाने कागदावर आखली.

टाऊन हॉल आणि राजवाडा एकाच दिवशी पाहावेत, असे मी प्रत्येकाला सुचवतो. आधी टाऊन हॉलसमोर उभे राहावे. उतरती छपरे, टोकदार कमानी, आकाशात घुसणारे दोन निमुळते मनोरे. इंग्लंडमधल्या एखाद्या गावातून उचलून आणून ठेवल्यासारखी ही गॉथिक धाटणीची इमारत आहे. मग कसबा बावड्याच्या रस्त्याने राजवाड्यावर जावे. तिथे मधोमध घड्याळाचा उंच मनोरा, भोवती अष्टकोनी मांडणी, टोकांवर लहान मनोरे, घुमट आणि छत्र्या. खिडक्यांवर पुढे आलेली दगडी छज्जे, त्यांना खालून हात दिल्यासारखे कोरीव घोडे, पाकळ्यांच्या महिरपी. राजस्थानातल्या डीगच्या महालांची आणि मथुरेकडच्या इमारतींची वळणे यात आहेत, गुजरातेकडच्या जैन मंदिरांचे संस्कार आहेत आणि आपल्याकडच्या वाड्याची ऐसपैस बैठकही आहे. दोन इमारतींत अंतर जेमतेम दोन किलोमीटरचे आणि पाच-सात वर्षांचे. पण पहिली बांधणारा माणूस आपल्या देशातून सोबत आणलेले वाढत होता, तर दुसरी बांधणारा माणूस आधी इथले पाहून, मोजून, मग पेन्सील उचलत होता. मधल्या काळात त्याचे काय झाले?

माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे उत्तर इटलीत आहे.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले. वय अवघे वीस. इंग्लंड पाहून, राणी व्हिक्टोरियाची भेट घेऊन परतताना इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच वारले. परक्या मुलखात, दहनाची चाल नसलेल्या शहरात, आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांचे हिंदू पद्धतीने दहन झाले. पुढे १८७४ साली त्याच जागी स्मारक उभे राहिले. चार खांबांवरची छत्री आणि खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. पुतळा घडवला चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराने. छत्रीचा आराखडा मँटचा.

फ्लॉरेन्सला मी गेलेलो नाही. पण त्या छत्रीची छायाचित्रे समोर ठेवून मी तिची चित्रे काढली आहेत, आणि काढताना ध्यानात आले की राजवाड्याच्या गच्चीवर दिसणाऱ्या छत्र्यांचीच ही थोरली बहीण आहे. टाऊन हॉलचे गॉथिक मनोरे कोल्हापुरात चढत होते त्याच वर्षांत मँटला एका मराठी राजाची समाधी बांधायची होती. मृत्यूच्या ठिकाणी टोकदार गॉथिक कमान चालली नसती. तिथे छत्रीच हवी होती. जे काम करताना त्याला पहिल्यांदा या मुलखाच्या भाषेत बोलावे लागले ते काम समाधीचे होते, असे मला वाटते. राजवाडा त्यानंतर तीन वर्षांनी सुरू झाला.

त्या स्मारकाला तिथले लोक 'इंडियानो', म्हणजे 'हिंदी माणसाचे', म्हणून ओळखतात. जवळून जाणाऱ्या मोठ्या पुलालाही तेच नाव पडले. रोज हजारो गाड्या त्या पुलावरून जातात. जागेने माणूस लक्षात ठेवला, नाव मात्र सोडून दिले. ही गोष्ट वाचली तेव्हा मला आबांचे वाक्य आठवले. दगड हाय, पण कुठला ते कुणाला ठाऊक!

आता दुसरा प्रश्न. वाडा कुणासाठी?

राजाराम महाराजांच्या मागे १८७१ साली एक आठ वर्षांचा मुलगा दत्तक आला. हेच चौथे शिवाजी महाराज. राज्यकारभार इंग्रज पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखाली चालला होता. राजवाड्याचे काम सुरू झाले तेव्हा महाराज चौदा वर्षांचे होते. पुढे त्यांच्या मनाचे स्वास्थ्य बिघडल्याचे सरकारने जाहीर केले आणि त्यांना देखरेखीखाली ठेवले. महाराजांचा छळ होतो आहे, त्यांना वेडे ठरवले जाते आहे, अशी कुजबुज सगळ्या महाराष्ट्रात पसरली. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीकेची झोड उठवली. ज्या पत्रांच्या आधारे ती टीका झाली ती पत्रे कोर्टात बनावट ठरली, आणि जुलै १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना अब्रुनुकसानीसाठी चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगातले ते १०१ दिवस आपण शाळेत वाचलेले असतात. पण ते दिवस एका राजवाड्याच्या भिंती उठत असतानाचे होते, आणि त्या भिंतींआड ज्याने राहायचे होते त्या मुलासाठी ती दोन माणसे आत गेली होती, हे मला साठीनंतर उमगले.

चौथ्या शिवाजी महाराजांना पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. २५ डिसेंबर १८८३ रोजी, पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, ते तिथेच वारले. तेही अवघ्या विशीत, राजाराम महाराजांसारखेच.

मँट त्याआधीच, १८८१ साली गेला होता. त्याच्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते, विशेषतः बडोद्याच्या वाड्याच्या संदर्भात. आपले गणित चुकले आहे, आपल्या इमारती कोसळणार आहेत, या भयाने अखेरीस त्याला पछाडले होते म्हणे. गोष्टीत तथ्य किती, ते बाजूला ठेवू. लक्ष्मीविलासचे काम पुढे रॉबर्ट चिझम या दुसऱ्या वास्तुकाराने नेले आणि १८९० साली ते पुरे झाले. तो वाडा आजही उभा आहे. आपला तर सुमारे १४० वर्षे ऊन-पाऊस आणि पंचगंगेची दमट हवा सोसून उभा आहे.

म्हणजे हिशेब असा होतो. १८८४ साली, सुमारे सात लाख रुपये खर्चून राजवाडा पुरा झाला तेव्हा तो आखणारा नव्हता, आणि ज्याच्या अज्ञानपणी तो बांधायला घेतला तो राजाही नव्हता. त्याच वर्षी १७ मार्चला कागलचा तो मुलगा, आता दहाव्या वर्षात आलेला, दत्तक होऊन शाहू छत्रपती झाला. दोन तरुण मृत्यूंनी रिकामे झालेले घर त्याच्या वाट्याला आले. १८९४ साली कारभार हाती घेतल्यावर शाहू महाराजांनी जे केले, ते राखीव जागा असोत, वसतिगृहे असोत की सक्तीचे शिक्षण, त्याने हे घर असे भरले की आधीची रिकामी वर्षे कुणाच्या ध्यानातच राहिली नाहीत. आवारातल्या त्या बापाने मुलीला सांगितले ते म्हणून अगदीच चूक नाही. घर बांधणारा एक असतो, घराला अर्थ देणारा दुसरा असू शकतो.

आज खालच्या मजल्यावर छत्रपती शहाजी महाराजांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आहे. हत्यारे, पोशाख, शिकारीतली पेंढा भरलेली जनावरे आणि दोन मजली उंचीचा दरबार हॉल. त्याच्या रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. सकाळी दहा-अकराच्या सुमारास ऊन त्या काचांतून आत आले की फरशीवर लाल-निळे तुकडे पसरतात. गर्दी तलवारींपाशी थांबते. मी मात्र बाहेर येऊन भिंतींपाशी थांबतो, कारण माझा तिसरा प्रश्न तिथे आहे.

हा दगड आपल्या दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. कोट्यवधी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हाचा. संगमरवर किंवा वाळूचा दगड हत्याराला वश होतो. काळा पाषाण होत नाही. आबा खाणीवर दगड निवडताना आधी त्यावर हातोडी वाजवीत. खणखणीत आवाज आला तर तो घ्यायचा. बद्द आवाज आला तर आत कुठे तरी चीर आहे, तो सोडायचा. मग रेघेत भोके पाडून पाचरी ठोकायच्या आणि दगड उकलायचा. गुण्या लावून कोपरा काटकोनात आणायचा, सुतकी आणि छिन्नीने जास्तीचा भाग उडवायचा, मग टाकीने तोंड सपाट करायचे. एका तोंडाला किती टाक्या पडतात ते मोजणारा कुणी जन्मला नाही. शेवटी वाळू आणि पाणी घेऊन घोटायचे, तेव्हा कुठे दगडाला ती काळी झळाळी येते. या सगळ्यात टाकीचे टोक सारखे बोथट होते. म्हणून पाथरवटाच्या शेजारी भाता आणि लोहार लागतोच.

हे सगळे आगगाडी नसताना झाले. कोल्हापूर-मिरज रेल्वेचे काम १८८८ साली सुरू झाले आणि १८९१ साली गाडी धावली. आमचे हातकणंगले स्टेशनही त्याच मार्गावरचे. म्हणजे राजवाड्याचा दगड न् दगड बैलगाडीने आला आणि माणसे पायी आली. आसपासच्या गावांतले पाथरवट आणि वडार अशा कामावर गेले नसते तर हे काम उठलेच नसते. तेव्हा माझा पणजोबा त्यात होता ही गोष्ट अशक्य नाही. जी मिळतील ती जुनी कागदपत्रे, गॅझेटियर आणि संस्थानाचे छापील अहवाल मी चाळले. मँटचे नाव आहे, पोलिटिकल एजंटांची नावे आहेत, कारभाऱ्यांची आहेत. पणजोबाचे नाव मला कुठे मिळाले नाही. त्याच्या बरोबरच्या कुणाचेही मिळाले नाही.

त्या दिवशी निराश होऊन मी परत टाऊन हॉलच्या बागेत येऊन बसलो. टाऊन हॉलमध्ये आता सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले, आणि तिथे सापडलेल्या वस्तूंभोवती हा संग्रह उभा राहिला. ब्रह्मपुरीचीच एक वस्तू आत काचेमागे आहे. वीतभरही नसलेली, पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवाची काशाची मूर्ती. सातवाहनांच्या काळात समुद्र ओलांडून, घाट चढून ती इथवर आली. ती ओतणाऱ्या कारागिराचे नाव तिच्यावर नाही.

बाहेर बागेत झाडांखाली जुनी शिल्पे, तोफा आणि विरगळ मांडलेले आहेत. विरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभा केलेला दगड. तो खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई दिसते. तिथे गाई कोरलेल्या असतील तर गावची गुरे सोडवताना तो वीर पडला असे समजावे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. चंद्र-सूर्य आहेत तोवर ही आठवण राहो, असा त्याचा अर्थ. कर्नाटकात अनेक विरगळांवर वीराचे नाव, गाव, राजा असे लेख सापडतात. आपल्याकडचे बहुतेक विरगळ मुके आहेत. ज्याच्यासाठी दगड उभा केला त्याचेही नाव नाही आणि ज्याने कोरला त्याचेही नाही.

एका विरगळापाशी मी वाकून बसलो. वरच्या चौकटीतल्या वीराचा चेहरा पावसाने पार झिजलेला होता. पण चौकटीच्या कडेला, जिथे पाणी पोचत नाही तिथे, टाकीच्या खुणा स्पष्ट होत्या. तिरप्या, सारख्या अंतरावरच्या. त्यांच्यावरून बोट फिरवले आणि एकदम ओळख पटली. अगदी अशाच खुणा मी लहानपणी रोज पाहत होतो. आबांच्या जात्यांवर.

त्यानंतर राजवाड्यावर गेलो तेव्हा पणजोबाचा दगड शोधायचे मी सोडून दिले. घोटलेल्या भिंतीवर त्या खुणा राहिलेल्या नाहीत. घोटणे म्हणजे टाकीची खूण पुसणेच. ज्या दगडाचे काम सगळ्यात चांगले झाले त्यावर हाताची निशाणी सगळ्यात कमी उरते. पण छज्जांच्या खाली, कोपऱ्यांच्या आत, जिथे बघणाऱ्याची नजर सहसा जात नाही तिथे त्या अजून सापडतात. फाटकाबाहेर उभे राहून आबांनी "पर हाय" म्हटले होते ते कदाचित याच अर्थाने. एक विशिष्ट दगड त्यांना दाखवायचा नव्हता. हे काम आपल्या हातांचे आहे, एवढेच त्यांना पोराला सांगायचे होते. आणि त्याला कागदाची साक्ष लागत नव्हती.

तरीही कागदाची साक्ष लागत नाही म्हणून आपण ती शोधूच नये, असे मी म्हणणार नाही. जिल्ह्यातल्या गावोगावी पाथरवटांची, वडारांची, सुतारांची घरे आहेत, आणि त्या घरांत 'आमच्या आज्यानं अमक्या देवळाचं, तमक्या पुलाचं काम केलं' हे सांगणारी शेवटची पिढी आहे. त्यांचे बोलणे आज लिहून घेतले तर पुढच्या अभ्यासकाला मँटच्या नावाखाली आणखी चार नावे लिहिता येतील. माझ्या आबांना मी तेव्हा पणजोबाचे नावसुद्धा विचारले नाही. नंतर विचारायचे राहिले. आज घरात ते नाव सांगणारे कुणी नाही.

आमच्या परसात आबांनी घडवलेले शेवटचे जाते आहे. दळण गिरणीत जायला लागल्यापासून ते बंद आहे, आणि सून त्यावर तुळशीची कुंडी ठेवते. जात्याच्या टाक्या झिजल्या की त्याला पुन्हा टाकी लावून घ्यावी लागे. आबा वर्षातून एकदा गल्लोगल्ली तेच काम करीत फिरत. हे जाते फारसे दळलेच नाही, म्हणून त्याच्या टाक्या अजून ताज्या आहेत. परवा नातवाला कुंडी बाजूला करायला लावली आणि त्याचे बोट त्यावरून फिरवले. त्याने विचारले, "हे कुणी केलं?"

मी त्याला आबांचे पूर्ण नाव सांगितले, आणि वहीत लिहून घ्यायला लावले.